डिले खरंच लागतो का? इलेक्ट्रिक गिटार नव्याने हाती घेतलेल्यांसाठी

गिटार आणि अ‍ॅम्पनंतर मी घेतलेली तिसरी वस्तू म्हणजे डिले पेडल, वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवणारी, पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी. ट्यूनर नव्हता, मेट्रोनोम नव्हता, तारांचा जादा संचसुद्धा नव्हता. डिले मात्र होता. एक सूर छेडायचा आणि तो चार-पाच वेळा परत येताना ऐकत बसायचं, यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. आपण बरे वाजवतो अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

मग पहिल्यांदाच ड्रमर आणि बेसवाल्यासोबत बसलो. दुसऱ्या गाण्यात ड्रमर थांबला आणि म्हणाला, “तुझं ते पेडल तिसऱ्याच लयीत चाललंय. जरा बंद कर बरं.” बंद केलं, आणि त्यानंतर जे ऐकू आलं त्याने मीच दचकलो. प्रत्येक सूर अर्ध्यात तुटत होता, कारण डावा हात पुढच्या जागी जायच्या घाईत बोट आधीच उचलत होता. दोन कॉर्डच्या मध्ये खड्डे होते. वर्षभर ते खड्डे पडसादांनी बुजवले होते, म्हणून मला कधी दिसलेच नव्हते.

आज माझ्याकडे डिले आहे आणि मला तो आवडतो. पण तो घ्यायच्या आधी कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने करायला हव्या होत्या, ते कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून हा लेख.

लागणारं साहित्य

- तुमची गिटार आणि अ‍ॅम्प (किंवा हेडफोनवर वाजवत असाल तर जे काही वापरता ते)
- मेट्रोनोम, फोनमधला चालेल
- रेकॉर्ड करायची सोय. तीही फोनमधली चालेल
- काही दिवसांसाठी उसना घेतलेला डिले. पेडल मिळालं तर उत्तम. नाहीतर अ‍ॅम्पमधला किंवा संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधला
- एक जादा केबल आणि पेडलला चालणारा अ‍ॅडॉप्टर
- वही आणि पेन्सिल

विकत घ्यायचं काहीच नाही. घ्यायची वेळ आलीच तर ती सातव्या पायरीवर.

१. डिले काय करतो ते आधी समजून घ्या

डिले तुम्ही वाजवलेलं साठवतो आणि ठरलेल्या वेळाने परत ऐकवतो. एवढंच त्याचं काम. पेडलवर कितीही नॉब असले तरी खरे तीनच. टाइम, म्हणजे पडसाद किती वेळाने यायचा. फीडबॅक (काहींवर रिपीट्स लिहिलेलं असतं), म्हणजे तो किती वेळा यायचा. आणि मिक्स किंवा लेव्हल, म्हणजे मूळ आवाजाच्या मानाने तो किती मोठा ऐकू यायचा.

वेळ मिलिसेकंदांत मोजतात. अंदाज यावा म्हणून एक हिशेब: हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुमच्यापासून १७ मीटरवर मोठी भिंत असेल तर टाळीचा आवाज तिथे जाऊन परत यायला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात. पेडलवरचे १०० म्हणजे ती भिंत. साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांच्या आत परत आलेला आवाज कानाला वेगळा कळतच नाही, तो मूळ आवाजातच मिसळतो. हेल्मुट हास यांनी १९४९ साली हे अभ्यासून मांडलं, म्हणून त्याला हास इफेक्ट म्हणतात.

रिव्हर्ब आणि डिले यांत नवीन माणसाचा हमखास घोळ होतो. रिव्हर्बमध्ये असंख्य पडसाद इतके दाट येतात की ते सुटे मोजता येत नाहीत. ऐकू येतो तो नुसता घुमारा. डिलेचे पडसाद मोजता येतात. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढच्या पायरीवर तो कामाला येणार आहे.

२. आठवडाभर काहीही न लावता रेकॉर्ड करा

ही पायरी सगळ्यांना गाळावीशी वाटते. मीही गाळली होती.

रोज एकच तुकडा घ्या, दोन-तीन मिनिटांचा. त्यात थोडी कॉर्ड आणि थोडी धून असू द्या. मेट्रोनोम लावून वाजवा, रेकॉर्ड करा, आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकू नका. वाजवून झाल्या झाल्या आपले कान आपलीच बाजू घेतात.

ऐकताना वहीत एकच गोष्ट लिहा: कुठे काहीतरी कमी वाटलं, आणि काय कमी वाटलं. “छान नाही वाटलं” हे चालणार नाही. “तिसऱ्या ओळीचा शेवटचा सूर लवकर विझला” हे चालेल.

आठवड्याने वही उघडलीत की बहुतेक तक्रारी डिलेच्या नसतात हे कळेल. माझ्या वहीत असत्या तर त्या अशा निघाल्या असत्या:

सूर लवकर विझतो. याचं कारण बहुधा बोट असतं. दाब कमी पडतो, किंवा पुढच्या सुराच्या घाईत बोट उठतं. लांब सुरावर व्हायब्रेटो (बोट हलवून सुराला दिलेली हलकी थरथर) नसेल तर तो आणखीच मेलेला वाटतो. यावर उपाय हातात आहे आणि तो फुकट आहे.

आवाज पातळ आहे. अ‍ॅम्पवरचा मिड (मधल्या पट्टीतल्या आवाजाचा नॉब) वाढवून पाहा. घरी एकटं वाजवताना मिड कमी आणि बास-ट्रेबल जास्त ठेवायची सवय जवळजवळ प्रत्येकाला लागते. खोलीत ते गोड लागतं, बँडमध्ये गिटार गायब होते.

आवाज कोरडा आहे. या तक्रारीपाशी जरा थांबायला हवं, कारण नव्या माणसाला डिलेकडे ओढून नेते ती हीच. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप फक्त तारेचं कंपन टिपतो. खोली, लाकूड, हवा यांचा जो वाटा साध्या गिटारमध्ये कानापर्यंत येतो, तो इथे वाटेतच सुटतो. अ‍ॅम्प मोठ्या जागेत वाजत असेल तर जागा थोडी भरपाई करते. लहान खोलीत, कमी आवाजात ती होत नाही. हेडफोनवर तर अजिबातच नाही. आवाज थेट डोक्यात सुरू होतो आणि तिथेच संपतो. अशा वेळी मनाला हवी असते ती जागा, आणि जागा रिव्हर्ब देतो. अ‍ॅम्पमध्ये रिव्हर्बचा नॉब असेल तर तो थोडा वर करा आणि पुन्हा ऐका. माझा अंदाज आहे की डिले शोधत निघालेल्या निम्म्या लोकांचं काम इथेच होईल.

त्यानंतरही वहीत काही उरत असेल, उदाहरणार्थ “इथे दोन ओळींच्या मध्ये कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं” असं, तर पुढे चला.

३. तुम्ही काय वाजवता, ते बघा

डिलेची गरज संगीतातल्या मोकळ्या जागेवर ठरते. तुमच्या वाजवण्यात जागा नसेल तर पडसाद बसणार कुठे?

भरपूर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) लावून घट्ट, वेगवान रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, वाजवत असाल, तळव्याने तारा दाबून पाम म्यूट करत असाल, तर डिले तुमचा शत्रू आहे. त्या रिफची सगळी मजा सुरांमधल्या छोट्या शांततेत असते आणि डिले नेमकी तीच शांतता खातो. तुटक, ठेक्याला चिकटून असलेल्या फंक वाजवणीचंही तसंच. एसी/डीसी बँडचा अँगस यंग गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये इफेक्ट पेडल न ठेवता वाजवण्याबद्दल प्रसिद्ध आहे, आणि त्याचा आवाज लहान आहे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

दुसऱ्या टोकाला असं संगीत आहे जे डिलेशिवाय उभंच राहत नाही. १९५० च्या दशकात मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याचा मालक सॅम फिलिप्स दोन टेप मशीन वापरून आवाजावर एकच झटपट पडसाद द्यायचा. त्यालाच पुढे स्लॅपबॅक नाव पडलं. रेकॉर्डवर ते फार शोभायचं, पण मंचावर टेप मशीन कोण नेणार? एल्व्हिस प्रेस्लीचा गिटारवादक स्कॉटी मूर याने १९५५ साली रे बट्स याने बनवलेला इकोसॉनिक अ‍ॅम्प घेतला. त्या अ‍ॅम्पच्या पोटातच टेप इको बसवलेला होता. गरज या शब्दाचा अर्थ मला या उदाहरणातून कळतो. त्याला डिले हवासा वाटत होता एवढंच नव्हतं. तो नसेल तर गाणं मंचावर ओळखीचं वाटलं नसतं.

अशी आणखी तीन माणसं आहेत. पिंक फ्लॉइड बँडचा डेव्हिड गिलमोर: टेपऐवजी फिरत्या चुंबकीय ड्रमवर चालणारं बिन्सन इकोरेक वापरून त्याने लांब, सावकाश सुरांना त्यांची जागा मिळवून दिली. क्वीन बँडचा ब्रायन मे: इकोप्लेक्स या टेप इको यंत्रात फेरफार करून पडसाद लांबवले, आणि परत येणाऱ्या स्वतःच्याच सुरांवर दुसरे-तिसरे सूर चढवून एकट्याने तीन गिटार वाजवल्या. आणि यू टू बँडचा एज: त्याच्या कितीतरी गिटार भागांत पडसाद काढून घेतले तर हातात उरतात ते मोजके, साधे सूर. त्याचा डिले म्हणजे त्या भागाचा अर्धा वादकच.

या दोन टोकांच्या मधे बाकीचे आपण सगळे. मधल्या माणसाला डिले बरा वाटतो, पण लागतो का? ते करून बघायला हवं.

४. उसना डिले घ्या आणि फक्त तीन मांडण्या वाजवा

उसनं पेडल हातात आलं की सगळे नॉब एकदम फिरवायचा मोह होतो. तसं केलंत तर दोन तास मजेत जातील आणि कळणार काहीच नाही. खालच्या तीनच मांडण्या करा. प्रत्येकीला दोन दिवस द्या.

पहिली, स्लॅपबॅक. टाइम ८० ते १४० मिलिसेकंदांच्या दरम्यान, फीडबॅक अगदी कमी, म्हणजे एकच पडसाद. मिक्स मात्र बऱ्यापैकी वर. स्वच्छ आवाजावर, तारा तुटक छेडत वाजवा. यात आवाजाला अंग येतं. सूर लांबत नाही, जाड होतो.

दुसरी, धुनेमागचा लांब पडसाद. टाइम ३५० ते ५००, पडसाद तीन-चार, मिक्स इतका कमी की वाजवताना तो जेमतेम जाणवावा. हात थांबवला की मगच कळावं की मागे काही चालू होतं. लीड, म्हणजे मुख्य धून, वाजवणारे बहुतेक जण याच मांडणीसाठी डिले ठेवतात. यातला सापळा मिक्सचा आहे. एकटं वाजवताना कान आणखी, आणखी मागतो. पहिल्या दिवशी मिक्सची खूण पेन्सिलने करून ठेवा आणि दोन दिवस ती हलवू नका.

तिसरी मांडणी लयीची आहे. ती जरा सावकाश वाचा.

मिनिटाला किती मात्रा पडतात, म्हणजे बीपीएम, ते मेट्रोनोमवर दिसतं. एका मिनिटात ६०,००० मिलिसेकंद असतात. म्हणून एका मात्रेचा वेळ काढायचा तर ६०,००० ला बीपीएमने भागायचं. १२० बीपीएमला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची झाली. तिचा अर्धा २५०, आणि पाऊण ३७५.

हा पाऊण फार गमतीचा आहे. तुम्ही प्रत्येक अर्ध्या मात्रेवर एक सूर वाजवताय असं धरा: शून्यावर, अर्ध्यावर, एकावर, दीडवर. पडसाद पाऊण मात्रेने येतो, म्हणून शून्यावरच्या सुराचा पडसाद पाऊणवर पडतो, अर्ध्यावरच्याचा सव्वावर, एकावरच्याचा पावणेदोनवर. म्हणजे पडसाद नेमके तुमच्या दोन सुरांच्या मधोमध येतात. तुम्ही मात्रेला दोन सूर वाजवता आणि ऐकणाऱ्याला चार ऐकू येतात, तेही न अडखळता. दुसरा पडसाद दीड मात्रेवर पडतो, तिथे तुमचा सूर असतोच, त्यामुळे तो त्यात मिसळून जातो. एजची ओळखीची धावती वाजवणी ती हीच.

हाताशी असावेत म्हणून काही आकडे:

- ८० बीपीएम: पूर्ण मात्रा ७५०, पाऊण सुमारे ५६३, अर्धी ३७५
- १०० बीपीएम: पूर्ण ६००, पाऊण ४५०, अर्धी ३००
- १२० बीपीएम: पूर्ण ५००, पाऊण ३७५, अर्धी २५०
- १४० बीपीएम: पूर्ण सुमारे ४२९, पाऊण ३२१, अर्धी २१४

या मांडणीत मिक्स वर ठेवा, जवळजवळ मूळ आवाजाइतका, आणि फीडबॅक एक-दोन पडसादांपुरता. सूर आखूड आणि कोरे वाजवा, लांबवू नका. आणि मेट्रोनोम चालू ठेवा. पहिल्या दिवशी सगळं कोसळेल. ते चांगलंच आहे. लांब, हळू डिले चुका झाकतो. लयीचा डिले त्या चव्हाट्यावर आणतो. तुमचा हात थोडा जरी पुढे सरकला तरी पडसाद तुमच्या सुराशेजारी अडखळतो, आणि ते लगेच ऐकू येतं. मेट्रोनोमपेक्षा कडक मास्तर आहे हा.

एक धोका: फीडबॅकचा नॉब फार वर नेला की कित्येक पेडलांत पडसाद विझायच्या ऐवजी वाढत जातात आणि किंचाळीपर्यंत पोचतात. अ‍ॅनालॉग आणि टेप प्रकारांत तर हे सर्रास होतं. मुद्दाम करायला मजा येते, पण हेडफोन घालून कधीही करू नका.

५. बंद करून बघा, पण मापात

आता खरी परीक्षा. दुसऱ्या पायरीतला तोच तुकडा दोनदा रेकॉर्ड करा, एकदा डिले लावून, एकदा बंद करून. मग कोणालातरी ते दोन्ही तुम्हाला न सांगता, उलटसुलट क्रमाने ऐकवायला सांगा. प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारा: इथून काही काढून घेतल्यासारखं वाटतंय का?

यात एक लबाडी नकळत होते. डिले लावलेला आवाज एकूण थोडा मोठा असतो, आणि दोन आवाजांतला मोठा कानाला नेहमी बरा वाटतो. म्हणून ऐकताना दोन्ही रेकॉर्डिंगची पातळी सारखी करून घ्या.

दुसरी लबाडी याहून गंमतीची. काही उपकरणं पडसाद शून्यावर असतानाही आवाज बदलतात. १९७० साली आलेल्या इकोप्लेक्स ईपी-३ मधला आवाज वाढवणारा भाग, म्हणजे प्रीअ‍ॅम्प इतका आवडता ठरला की कित्येक गिटारवादक टेप इको न वापरता नुसता त्यातून आवाज नेत. पुढे त्या प्रीअ‍ॅम्पच्या नकलेची वेगळी पेडलं निघाली. तेव्हा उसन्या पेडलचा मिक्स शून्यावर नेऊन एकदा वाजवा. तरीही आवाज आवडला तर तुम्हाला डिले नकोच आहे, आवाज वाढवणारं एखादं बूस्ट पेडल हवं आहे.

परीक्षेचा निकाल मी असा लावतो. डिले बंद केल्यावर तुकडा थोडा साधा झाला, पण उभा राहिला, तर डिले ही चैन आहे. असू द्या किंवा नसू द्या. तुकड्याला अर्थच उरला नाही, कारण उत्तर देणारे पडसादच गेले, तर डिले गरज आहे. आणि बंद केल्यावर वाजवणंच उघडं पडलं, खड्डे दिसले, तर पेडल मित्राला परत करा आणि दुसऱ्या पायरीवर या. माझं उत्तर हे तिसरं होतं.

६. माणसांसोबत वाजवून बघा

खोलीतला निकाल अर्धाच. बँडमध्ये चित्र पालटतं.

मोठ्या सभागृहाचा स्वतःचाच घुमारा असतो. त्यात तुमचा लांब डिले मिसळला की शब्द न कळणाऱ्या भोंग्यासारखं होतं. घरी बरोबर वाटलेला मिक्स अशा जागी कमी करावा लागतो. उलट गच्च भरलेल्या, गोंगाटाच्या ठिकाणी तो इतका दबतो की वाढवावा लागतो. दोन्हीसाठी एकच खूण चालत नाही.

मंचावर बसलेले इतर कोण आहेत? कीबोर्ड असेल आणि तो लांब, पसरलेले सूर धरत असेल, तर तुमची मोकळी जागा त्याने आधीच भरलेली आहे. दुसरा गिटारवालाही डिले वापरत असेल तर दोघांनी बसून ठरवा, एका वेळी एकच. साऊंड सांभाळणारा माणूस कधीकधी स्वतःच थोडा घुमारा घालतो, त्यालाही आधी विचारून घ्या. याउलट गिटार, बेस, ड्रम असे तिघंच असाल, तर लीड सुरू होताच खालून कॉर्ड नाहीशी होते आणि मोठी पोकळी पडते. तीन जणांच्या बँडमधला लीड वाजवणारा डिलेवर जीव टाकतो तो याचसाठी.

आणि लय. ड्रमर माणूस आहे. तो जोशात आला की १२० चे १२४ होतात. १२४ ला पाऊण मात्रा सुमारे ३६३ मिलिसेकंदांची होते, तुमचं पेडल ३७५ वरच अडून बसलेलं असतं. बारा मिलिसेकंदांचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तो प्रत्येक पडसादाला वाढत जातो. दुसऱ्याला चोवीस, तिसऱ्याला छत्तीस. माझ्या ड्रमरची तक्रार याचीच होती. यावर दोन उपाय. ड्रमरने क्लिक, म्हणजे कानात मेट्रोनोम, ऐकत वाजवायचं, किंवा पेडलवर टॅप टेम्पो हवा, म्हणजे पायाने मात्रा ठोकून वेळ बदलता येते. लांब, मागे राहणाऱ्या मांडणीत एवढी काटेकोर गरज नसते. तिथे मिक्स कमी असल्याने थोडं इकडेतिकडे खपून जातं.

७. घ्यायचाच ठरला, तर कोणता

प्रकारांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. नव्या माणसाला एवढं पुरे.

टेप इको: १९५९ चा इकोप्लेक्स, १९७४ चा रोलँड आरई-२०१ ही प्रसिद्ध नावं. आवाज सुंदर, पण टेप झिजते, भाग घासतात, देखभाल सतत. पहिल्या डिलेसाठी नको. त्याची नक्कल करणारी पेडलं मिळतात.

अ‍ॅनालॉग: १९६९ साली फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी बकेट ब्रिगेड चिप शोधली. रांगेत उभी असलेली माणसं बादली हातोहात पुढे देतात, तसा आवाजाचा भार या चिपमध्ये एका खणातून पुढच्या खणात सरकतो. एमएन३००५ या नामांकित चिपमध्ये असे ४०९६ खण होते. वेळ लांबवायचा तर सरकण्याचा वेग कमी करावा लागतो, आणि वेग कमी केला की वरचे, चमकदार सूर गळतात. म्हणून अ‍ॅनालॉग पडसाद मळकट, उबदार असतात आणि मूळ सुराच्या मागे आपोआप उभे राहतात. वेळही मर्यादित, १९८१ च्या बॉस डीएम-२ ची कमाल ३०० मिलिसेकंद होती. आता वरचे आकडे पाहा: त्यातली एकही पाऊण मात्रा यात मावतच नाही. लयीचं वाजवणाऱ्याने विकत घेण्याआधी कमाल वेळ वाचावा, तो यासाठी.

डिजिटल: आवाज आकड्यांत साठवतो, म्हणून पडसाद स्वच्छ आणि वेळ लांब. बॉस डीडी-२ हे १९८३ सालचं छोटं पेडल ८०० मिलिसेकंदांपर्यंत जायचं. आजची याहून खूप पुढे गेली आहेत आणि टेप-अ‍ॅनालॉगच्या नकलाही करतात.

पहिलाच डिले असेल तर माझं मत: टॅप टेम्पो असलेलं साधं डिजिटल पेडल, आणि त्यात पडसादाचा टोन मळकट करता येत असेल तर सोन्याहून पिवळं. पेडल बंद केल्यावरही पडसाद हळूहळू विझत जाण्याची सोय (ट्रेल्स) आहे का तेही बघा. ती नसेल तर पेडल बंद करताच शेपूट कात्रीने कापल्यासारखं तुटतं. अ‍ॅम्पमध्येच बरा डिले असेल तर काहीच घेऊ नका. फक्त तो पायाने चालू-बंद करता येतो का, एवढं पाहा.

८. जोडणी

क्रम असा: गिटार, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन (दोन्ही आवाज फाडणारी पेडलं), मग डिले, शेवटी रिव्हर्ब. डिले डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर मूळ सूर आणि पडसाद दोन्ही एकत्र फाटतात आणि चिखल होतो. कोणाला तो चिखलच हवा असतो, पण आधी सरळ जोडून बघा.

डिस्टॉर्शन पेडलचं नसून अ‍ॅम्पचंच असेल, तर पुढून लावलेला डिले आपोआप डिस्टॉर्शनच्या आधी येतो. पेडल चांगलं असूनही आवाज गिचमिड का, याचं उत्तर बहुधा हेच असतं. अशा वेळी अ‍ॅम्पच्या मागे इफेक्ट्स लूप शोधा: सेंडमधून पेडलच्या इनपुटला, पेडलच्या आउटपुटमधून रिटर्नला. लूप सिरीज असेल, म्हणजे सगळा आवाज पेडलमधूनच जात असेल, तर मिक्स नेहमीसारखा ठेवा. पॅरलल असेल तर मूळ आवाज अ‍ॅम्प स्वतःच पुढे नेतो, म्हणून पेडलमधून फक्त पडसाद बाहेर यायला हवा. मिक्स पूर्ण वर. काही अ‍ॅम्पच्या लूपमधली पातळी छोट्या पेडलला झेपत नाही आणि आवाज खरखरतो. लूपला पातळीचं बटण असेल तर ती कमी करून बघा.

वीज: बहुतेक छोट्या पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि मधली पिन ऋण असते. बहुतेक म्हणजे सगळी नाहीत. काही जुन्यांना एसी लागतो, काहींना जास्त व्होल्ट. पेडलवरचं चिन्ह आणि अ‍ॅडॉप्टरवरचं चिन्ह शेजारी धरून बघितल्याशिवाय पिन खोचू नका. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत; मिलिअँपिअर मात्र अ‍ॅडॉप्टरचे पेडलच्या गरजेइतके किंवा जास्त असले तरी चालतात. डिजिटल डिलेची भूक ओव्हरड्राइव्हपेक्षा बरीच मोठी असते. एकाच अ‍ॅडॉप्टरवरून शेपटासारख्या वायरने सगळी पेडलं चालवताना डिले जोडल्याबरोबर शिटीसारखा बारीक आवाज आला, तर पेडल बदलायच्या आधी त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर लावून पाहा.

जोडून झालं की प्रत्येक गाण्यासमोर वहीत चार गोष्टी लिहा: बीपीएम, वेळ, पडसाद किती, मिक्सची खूण. माझ्या वहीत सध्या अकरा गाणी आहेत. त्यातल्या सात गाण्यांपुढे फक्त “बंद” लिहिलेलं आहे.